'कम्प्लेन' : तक्रार, तंटा आणि गाऱ्हाणे

चेन्नईत नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसाने शेजाऱ्याला 'माझी तक्रार आहे' असे सांगितले, तर ऐकणारा क्षणभर दचकण्याची शक्यता असते. तमिळ भाषेत 'तगरारु' म्हणजे भांडण किंवा तंटा. मराठीत ज्याला तक्रार म्हणतात, त्यासाठी तमिळमध्ये 'पुगार' हा शब्द आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंना इंग्रजी 'कम्प्लेन' या क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो. मात्र त्याचा वापरही जपूनच करावा लागतो.

शब्दांचा प्रवास

'तक्रार' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'पुनरुक्ती' असा आहे. तेच तेच पुन्हा बोलल्याने वाद होतो, या मार्गाने हिंदी आणि तमिळमध्ये त्याला भांडणाचा अर्थ मिळाला. मराठीत मात्र 'दाद मागण्यासाठी केलेले निवेदन' हा अर्थ रूढ झाला. फारसी 'फर्याद'पासून मराठीत 'फिर्याद' आणि तमिळमध्ये 'पिरादु' हे शब्द आले.

'कम्प्लेन' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ शोकाने छाती पिटणे असा आहे. मराठीतील 'ऊर बडवणे' हा वाक्प्रचार येथे सहज आठवतो.

वापरातील भेद

'कम्प्लेन' हे क्रियापद, तर 'कम्प्लेंट' हे नाम होय. 'कम्प्लेन दिली' असे अनेकदा बोलले जाते, पण इंग्रजीत ते चूक ठरते. तेथे कम्प्लेंट 'मेक', 'लॉज' किंवा 'फाइल' केली जाते.

ज्याच्याकडे दाद मागावयाची त्याच्या आधी 'टू' येते. ज्या गोष्टीविषयी नाराजी आहे तिच्या आधी 'अबाउट' येते. दुखणे सांगताना 'ऑफ' वापरतात. रुग्ण छातीत दुखण्याची तक्रार करतो, असे डॉक्टर लिहितात तेव्हा त्यात कोणावरही आरोप नसतो. मराठीतील 'पोटाच्या तक्रारी' याच प्रकारच्या.

नुसत्या 'कम्प्लेन'ला कधीकधी रडगाण्याची छटा येते. म्हणून अधिकृत पत्रात क्रियापदापेक्षा नामाचा वापर अधिक योग्य ठरतो. 'ग्रंबल' म्हणजे कुरकुर करणे, 'प्रोटेस्ट' म्हणजे निषेध करणे आणि 'ग्रिव्हन्स' म्हणजे गाऱ्हाणे. कोकणात गाऱ्हाणे देवालाही घातले जाते.

कायद्यातील अर्थ

कायद्याच्या भाषेत हा शब्द अधिक नेमका आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार गुन्ह्याबाबत कारवाई व्हावी म्हणून दंडाधिकाऱ्याकडे तोंडी किंवा लेखी केलेला आरोप म्हणजे 'कम्प्लेंट'. पोलिसांचा अहवाल त्यात येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हाच अर्थ कायम आहे. पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची जी पहिली नोंद होते, ती 'खबर' असते. हा फरक ठाऊक नसल्यास अर्ज भलत्याच ठिकाणी जाऊन वेळ वाया जाऊ शकतो.

मद्रासचा धडा

तक्रारीचे सामर्थ्य काय असते, हे याच शहराने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास नेटिव्ह असोसिएशनने रयतेची गाऱ्हाणी थेट ब्रिटिश संसदेपुढे मांडली. शेतसारा वसूल करताना होणाऱ्या छळाचा विषय तेथे गाजला. १८५४ मध्ये चौकशी आयोग नेमण्यात आला आणि लोकांनी त्याच्याकडे समक्ष तसेच पत्राने तक्रारी केल्या. छळ खरोखरच होत असल्याचे आयोगाने १८५५ च्या अहवालात मान्य केले.

आज चेन्नई महापालिकेकडे १९१३ या दूरध्वनी क्रमांकावर नागरी तक्रार नोंदविता येते. तमिळनाडूत जिल्हाधिकारी कार्यालयांत सोमवारी जनतेची गाऱ्हाणी ऐकली जातात. महाराष्ट्रातील लोकशाही दिनही महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तेथे जाताना काय घडले, केव्हा घडले आणि कोणता उपाय हवा, या तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कुरकुर आणि तक्रार यांतील खरा फरक तोच होय.