खुडूक कोंबडीचे श्रम : अहमदनगर जिल्ह्यातील परसातील कोंबडीपालनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अहमदनगर जिल्ह्याचा (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) आधुनिक कृषी-इतिहास मुख्यतः दुष्काळ, कालवे, ऊस आणि सहकार या सूत्रांभोवती लिहिला गेला आहे. प्रवरानगर येथे 1950 मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना, राहुरी येथे 1968 मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि 1972 चा दुष्काळ हे त्यातील ठळक टप्पे होत. घरामागील खुराड्याला मात्र या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. 'गावरान कोंबडी अंडी कमी देते' या एका वाक्यात विकासविषयक लेखनाने तिचा निकाल लावला. हे वाक्य खोटे नाही. परंतु त्यामागील हिशेब अपुरा आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

खुराड्याची व्यवस्था

परसातील कोंबडीपालनास भांडवल जवळजवळ लागत नाही. रात्री खुराडे किंवा डालगे, दिवसा मोकळे अंगण आणि उकिरडा, खाद्य म्हणून सांडलेले धान्य, कण्या, किडे आणि उरलेसुरले अन्न एवढ्यावर ही व्यवस्था चालते. गावरान कोंबडी साधारणतः बारा ते पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. घरातील स्त्री तिला टोपलीत भुसा वा गवत घालून रवणीला बसविते. एकवीस दिवसांनी पिले बाहेर येतात. त्यानंतर सुमारे दोन महिने कोंबडी पिलांना पंखांखाली ऊब देते, चारा टिपायला शिकविते आणि घारीची सावली दिसताच त्यांना सावध करते. या काळात ती अंडी देत नाही.

हिशेबाचा मुद्दा येथेच आहे. एका रवणीसाठी एकवीस दिवस आणि संगोपनासाठी आठ आठवडे धरल्यास कोंबडीचे जवळजवळ अकरा आठवडे खर्ची पडतात. वर्षातून तीन रवणी झाल्या तर वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ अंड्यांविना जातो. ज्या कामासाठी व्यापारी कुक्कुटपालनात उबवणयंत्र, वीज, ब्रूडर आणि मजूर लागतात, ते काम ही कोंबडी या काळात करीत असते. अंडी मोजणाऱ्या तक्त्यात ते 'उत्पादनातील घट' म्हणून उतरते.

या व्यवस्थेला सामाजिक मर्यादा होत्या. माळकरी, ब्राह्मण आणि जैन कुटुंबांत कोंबड्या पाळल्या जात नसत. दलित, मुस्लिम, आदिवासी आणि अनेक शेतकरी कुटुंबांत त्या असत. मात्र जमीन नसलेल्या घरालाही खुराडे परवडत असे. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे बहुधा स्त्रीच्या हाती राहत. मीठमिरची, मुलाची वही किंवा औषध यांसाठी तिला ते कोणाला न विचारता खर्च करता येत.

सुधारणेचा मार्ग

इज्जतनगर येथे 1939 मध्ये कुक्कुट संशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातींचा प्रसार झाला. 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजची आणि 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची स्थापना झाल्यानंतर या व्यवसायाला संघटित उद्योगाचे रूप आले. अंडी वाढविण्यासाठी केलेल्या निवडीत खुडूक होण्याची प्रवृत्ती हा दोष मानला गेला आणि पिढ्यानपिढ्या ती कमी करण्यात आली. करार पद्धतीच्या मांसल कुक्कुटपालनात पिले, खाद्य आणि औषध कंपनीचे, तर शेड आणि श्रम शेतकऱ्याचे अशी विभागणी झाली. पक्ष्यांची मालकी शेतकऱ्याकडे राहिली नाही.

परसासाठी म्हणून गिरिराज, वनराज यांसारखे रंगीत सुधारित पक्षी पुढे आले. ते लवकर वाढतात आणि अंडीही अधिक देतात; त्यांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते सहसा रवणीला बसत नाहीत. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी पुन्हा उबवणी केंद्राकडे जावे लागते. अनेक ठिकाणी स्त्रिया सुधारित जातीची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवतात, हे त्यावर त्यांनी काढलेले उत्तर आहे.

बियाणे आणि अंडे

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाएफ संस्थेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कार्याने घरच्या बियाण्याचे महत्त्व अधोरेखित केले. त्यांच्या कुटुंबाच्या शेतीत परसातील कोंबडीपालनालाही स्थान आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, हे आता सर्वपरिचित आहे. हाच तर्क अंड्याला मात्र क्वचितच लावला जातो. देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदणीत गुजरात-महाराष्ट्र सीमेवरील बसरा ही जात आहे, पण नगर जिल्ह्याच्या नावाची कोणतीही जात नाही. येथील कोंबडी केवळ 'गावरान' राहिली.

रोग आणि राज्यसंस्था

जुन्या पद्धतीचे उदात्तीकरण करणेही इतिहासाला धरून होणार नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, काही दिवसांत संपूर्ण खुराडे रिकामे करतो. लस उपलब्ध असली तरी तिची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांसाठी असते, ती थंड ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ही रचना सोयीची नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा बाधित क्षेत्रातील व्यापारी शेडबरोबर घरोघरच्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. ज्या पक्ष्यांची प्रशासनाने एरवी फारशी दखल घेतली नव्हती, त्यांची गणना त्या वेळी दारोदार झाली.

समारोप

2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील 85.18 कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी 31.7 कोटी परसातील होते. 2012 च्या तुलनेत त्यांत सुमारे 46 टक्के वाढ झाली; व्यापारी पक्ष्यांची वाढ 4.5 टक्के होती. म्हणजे खुराडे ही लयाला गेलेली व्यवस्था नाही. मात्र या वाढीत रवणीला बसणारे पक्षी किती आणि उबवणी केंद्रातून आणलेले किती, हे या एकूण आकड्यांतून कळत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पिले घरात जन्मतात की विकत येतात यावर त्या व्यवसायातील निर्णय स्त्रीच्या हाती राहणार की नाही हे अवलंबून असते. म्हणून जिल्ह्याच्या कृषी-इतिहासात रवण बसविणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या मौखिक साक्षी नोंदविणे आवश्यक आहे. तसेच गावरान कोंबडीची उत्पादकता ठरविताना अंड्यांबरोबर तिने वाढविलेली पिलेही मोजली गेली पाहिजेत.