पिलू कोणाचे? : निकितीनपासून धारवाडच्या हुप्प्यापर्यंत

अफनासी निकितीन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास होर्मुझहून घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तेथून तो जुन्नरला आणि पुढे बहमनी राजधानी बिदरला गेला. चौलला लागूनच असलेल्या आमच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याच्याविषयी बोलणे निघाले की घोड्याची गोष्ट हमखास सांगितली जाते: जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत मिळेल, अशी अट घातली. १९५७ साली आलेल्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटामुळे त्याचे नाव आपल्याकडे अधिक पसरले. पण त्याच्या टिपणांत माकडांविषयीचा एक लहानसा मजकूर आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. हक्लुइट सोसायटीने १८५७ साली छापलेल्या इंग्रजी भाषांतरातून तो मी प्रथम वाचला आणि गेली काही वर्षे त्याच धाग्याने पुढचे वाचन करत आलो.

हा मजकूर आळंदच्या जत्रेच्या वर्णनालगत येतो. हे आळंद म्हणजे आजच्या सोलापूरच्या सीमेपलीकडचे, कलबुर्गी जिल्ह्यातले. निकितीन सांगतो ते असे: माकडे रानात राहतात. त्यांना राजा असतो, राजाजवळ फौज असते. कोणी छळले तर माकडे राजाकडे फिर्याद नेतात आणि फौज येऊन गावातली घरे पाडते. त्यांना भाषाही असते. त्यांना पोरे पुष्कळ होतात. पण जे पोर बापावरही जात नाही आणि आईवरही जात नाही, ते रस्त्यावर टाकून देतात. लोक अशी पोरे उचलून त्यांना कामे शिकवतात, विकतात, नाचवतात.

यातले बरेचसे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही. ‘असे सांगतात’ हे तो स्वतःच लिहून ठेवतो. राजा, फौज, फिर्याद, टाकलेले पोर: हे वर्णन माकडांचे कमी आणि माणसांचे जास्त आहे. म्हणून वानरांतील पिलूहत्येची पहिली नोंद निकितीनची, असा दावा मी करणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्या ऐकीव गोष्टीत दडलेले कोडे. पिलाचे जगणे-मरणे आणि ‘पिलू कोणाचे’ हा प्रश्न यांची गाठ त्या लोककथेने घातली होती. शास्त्राला ती गाठ हाती लागायला पाचशे वर्षे लागली, आणि ती लागली ती याच दख्खनच्या पट्ट्यात, धारवाडला.

१९५६पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा आणि त्यांचे जपानी व भारतीय सहकारी १९६१ ते १९६३ या काळात तेथील रानात काळतोंड्या वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. क्योटोच्या अभ्यासकांची एक पद्धत होती. प्रत्येक जनावर वेगळे ओळखायचे, त्याला नाव किंवा क्रमांक द्यायचा आणि वर्षानुवर्षे त्याच टोळीवर लक्ष ठेवायचे. ही पद्धत नसती तर पुढचे दिसलेच नसते. ‘एक पिलू मेले’ एवढेच नोंदले गेले असते. कोणत्या मादीचे, कोणत्या नराच्या काळात जन्मलेले आणि कोणाच्या चाव्याने मेलेले, हे कळले नसते.

धारवाडच्या बऱ्याच टोळ्यांत मोठा नर एकच, आपण ज्याला हुप्प्या म्हणतो तो. बाकीचे नर आपली वेगळी टोळी करून बाहेर फिरत. सुगियामांच्या डोळ्यांसमोर अशा बाहेरच्या नरांनी एका टोळीवर चाल केली. जुना हुप्प्या हाकलला गेला, आलेल्यांपैकी एकाने टोळी ताब्यात घेतली आणि अंगावर पिणारी पिले एकामागून एक चावली जाऊन नाहीशी झाली. पिले गमावलेल्या माद्या थोड्याच दिवसांत माजावर आल्या आणि नव्या नराशी जुगल्या. पुढे सुगियामांनी दुसऱ्या एका टोळीतला एकुलता नर मुद्दाम बाजूला केला. शेजारचा नर आत आला आणि तेथेही तेच घडले. १९६५पासून हे छापून आले, तेव्हा अनेकांना ते पटले नाही.

न पटण्याला कारण होते. अमेरिकेच्या फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे हीच वानरे पाहिली होती आणि त्यांना ती शांत, सलोख्याने राहणारी दिसली होती. त्यांनी पाहिलेल्या टोळ्यांत मोठे नर अनेक होते. धारवाडसारखी एका नराची सत्ता उलथण्याचा प्रकार तेथे नव्हता. मग धारवाडचे काय? गर्दी झाली, माणसांचा उपद्रव वाढला, म्हणून जनावरे बिघडली, असे स्पष्टीकरण पुढे आले. जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही पिलूहत्या नोंदवली, तरी ‘बिघाड’ हा शब्द काही गेला नाही.

गर्दीचे हेच कारण तपासायला हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी १९७१ साली अबूच्या पहाडावर आली. तिला दिसले ते वेगळेच. मारणारा नर जवळपास नेहमी बाहेरून आलेला असे आणि मरणारे पिलू आधीच्या नराच्या काळातले असे. १९७७च्या ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या ग्रंथात तिने मांडलेला हिशेब सरळ आहे. हुप्प्याची सत्ता सरासरी दोन-अडीच वर्षे टिकते. मादी पिलाला वर्षभर पाजते आणि तोवर सहसा माजावर येत नाही. गर्भ सुमारे दोनशे दिवसांचा. अंगावरचे पिलू मेले तर नव्या नराचे पिलू वर्षाच्या आत जन्मते आणि पुढचा नर येईपर्यंत वाढून सुटे होते. थांबणाऱ्या नराचे पिलू मात्र नेमके त्या तडाख्यात सापडते. नराला हा हिशेब ठाऊक नसतो. तसे वागणाऱ्या नरांची संतती अधिक उरते, एवढेच.

हर्डीचे खरे योगदान मला दुसऱ्या बाजूला दिसते. तिने माद्यांकडे पाहिले. सोल नावाची एक म्हातारी मादी, जिला स्वतःला आता पिले होत नव्हती, नराच्या तोंडातून दुसरीचे पिलू सोडवायला अंगावर धावून जाई. काही माद्या पिलू घेऊन टोळीपासून दूर राहत. आधीच गाभण असलेल्या माद्या नव्या नराशी जुगत. म्हणजे पुढे जन्मणारे पिलू कोणाचे याचा त्याला अंदाज येऊ नये. बापपणाचा घोळ हेच आईचे हत्यार. निकितीनच्या कथेत बापासारखे न दिसणारे पोर टाकले जाते. अबूच्या पहाडावर आई बाप ओळखूच येऊ देत नाही.

वाद बराच काळ चालला. ‘प्रत्यक्ष डोळ्यांसमोर किती पिले मारली गेली?’ हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. १९९९ साली नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीतून उत्तर मिळाले: हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. २०१४ साली २६० सस्तन प्रजातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ११९ प्रजातींत नरांकडून पिलूहत्येची नोंद होती.

मराठी वाचकाला हे जग अनोळखी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या १९८२च्या कादंबरीने ते आपल्या घरात आणले. त्याच्याही आधीपासून गावोगाव म्हणतात, की हुप्प्या फक्त नर पिलांना मारतो. मारल्या गेलेल्या पिलांत माद्याही असतात, हे निरीक्षणांतून दिसले आहे. नवा हुप्प्या आला की टोळीतल्या वाढत्या नरांना बाहेर पडावे लागते, हेही खरे. या दोन गोष्टींची लोकांच्या बोलण्यात सरमिसळ झाली असावी.

पण त्याहून धोक्याची सरमिसळ दुसरीच आहे. ‘निसर्गातच आहे, मग माणसाचे काय घेऊन बसलात?’ असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक आहे. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचे श्रेय त्यावर कोरले आहे. काठेवाडातल्या जाडेजा घराण्यांत मारल्या जात त्या स्वतःच्याच मुली, त्याही कुळाच्या मानासाठी. वानराचा नर दुसऱ्याचे पिलू मारतो. येथे बापाच्याच घरात लेक मारली जाई. पुण्याला १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा प्रश्न होता विधवांचा. त्या बायांना पोर नकोसे नव्हते. पोराला बापाचे नाव नव्हते आणि समाज तेच नाव मागत होता.

तिन्ही ठिकाणी शब्द एकच, बालहत्या. पण कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. वानरांचा हिशेब वानरांपुरता खरा आहे. माणसांत ‘पोर कोणाचे’ हा प्रश्न निसर्गाने नव्हे, तर कुळाने, जातीने आणि अब्रूने विचारला, आणि त्याची किंमत पोराने आणि आईने मोजली. फुले दांपत्याने तो प्रश्न विचारायचेच नाकारले. बाळंत व्हा, पोर ठेवा किंवा आमच्यापाशी सोडून जा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. काशीबाई नावाच्या विधवेचा तेथे जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि पुढे तो डॉक्टर झाला.