रूळ मागितले, पदपथ मागावयाचे राहिले

लातूरच्या गंजगोलाईत जो कधी उभा राहिला असेल त्याला हे सांगावयास नको, की त्या एका वर्तुळाला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती बाजार, आणि वाटेवाटेला निराळा व्यापार: कुठे सराफा, कुठे जोडे-चपला, कुठे मिरची आणि गूळ. ही रचना आपोआप झालेली नव्हे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ लातूरला पोचला. पुढे थोड्याच वर्षांत फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे गोलाई उभी राहिली. तो आराखडा मोटारीसाठी नव्हता. बैलगाडी, हमाल आणि पायी येणारे गिऱ्हाईक यांचा तो काळ. आज त्याच सोळा रस्त्यांत दुचाकीला उभे राहावयास जागा नाही, आणि आम्ही मात्र गोलाई अरुंद झाली असे म्हणतो. वास्तविक गोलाई होती तेवढीच आहे.

आमच्या मराठवाड्यात दळणवळणाचा विचार लोकांनी केलाच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. लोकांनी तो पिढ्यानपिढ्या केला. पण तो रुळांचा केला.

निजामाच्या राज्यात मनमाडपासून नांदेडवरून हैदराबादेकडे जाणारी गाडी १९०१ पर्यंत सुरू झाली, ती मीटरगेजची. लातूरचा रूळ त्याहूनही अरुंद. म्हणजे मुंबईकडे जाणारा माल एकीकडे मनमाडला, दुसरीकडे कुर्डुवाडीला, एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावयाचा. हमालीचा खर्च, पोती फुटण्याचे नुकसान आणि गेलेले दिवस, हे सारे शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून वजा होई. अर्थात बार्शी लाइटला नुसती नावे ठेवणे बरे नव्हे. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने हलक्या रुळावरही भरपूर ओझे वाहता येते हे करून दाखविले. चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा हिशेब होता. कमी खर्चात गाडी गावापर्यंत आणावयाची, हा त्यातला विचार आजही टाकाऊ नाही.

त्या काळातली आणखी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्यानेच सरकारी बस सुरू केली, २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन. रूळ आणि सडक एकाच छपराखाली होते. राजा लोकांना विचारून कारभार करी असे नव्हे. पण बस आणि गाडी ही एकाच प्रवासाची दोन अंगे आहेत, एवढे त्या खात्याला कळत होते. पुढे हैदराबाद मुक्त झाले, रेल्वे केंद्राकडे गेली, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर बस राज्याकडे आली. ही फाळणी कोणी मुद्दाम केली नाही, पण ती झाली खरी. रात्री गाडीतून उतरलेला उतारू अजूनही रिक्षाची घासाघीस करीत स्थानकाबाहेर उभा असतो, तो त्या फाळणीचा वारस होय.

मग आले रुंद रुळाचे मागणे. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजचा प्रश्न लावून धरला. निवेदने, परिषदा, शिष्टमंडळे, पुन्हा निवेदने: असे हे काम, टाळ्या न मिळणारे. १९९० च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ मराठवाड्यात आले. लातूरचा अरुंद रूळ २००७-०८ मध्ये गेला, आणि नवा मार्ग आखताना जुन्या रुळाने बाजूला टाकलेले धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, त्यावर आले.

या मागण्याची किंमत काय होती, हे एप्रिल २०१६ मध्ये दिसले. लातूरच्या नळांना पाणी राहिले नाही. तेव्हा मिरजेहून पहिली पाणीगाडी १२ एप्रिलला लातूरला आली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेस पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर: ही वाट बार्शी लाइटचीच. रूळ रुंद झाले नसते तर त्या टाक्या तिथवर येत्याच ना. तेवढेच पाणी सडकेने आणावयाचे तर दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर रोज साडेतीनशे किलोमीटर धावले असते. त्यांचा धूर आणि डिझेल यांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता नांदेडकडे वळू. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता, आणि केंद्राच्या नेहरू नगर पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झालेला. त्या पैशातून शहराचे रस्ते नव्याने आखले गेले. आराखडा दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या कार्यालयाचा. पदपथ, सायकलीची वाट, झाडांच्या रांगा, रिक्षांचे थांबे, फेरीवाल्यांना जागा, हे सारे त्यात होते. माणसे हलवावयाची, वाहने नव्हे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात लिहिले होते. ते कागदावरून सडकेवर उतरविण्याचा एक आरंभीचा प्रयत्न आमच्या नांदेडात झाला, याचा आम्हांस अभिमान वाटावयास हवा.

तथापि हे रस्ते आम्ही मागितले नव्हते. ते सोहळ्याच्या तारखेतून आले. ब्रॉडगेजसाठी जशी परिषद उभी होती तशी पदपथासाठी नव्हती; म्हणून सायकलीच्या वाटेवर गाडी उभी राहिली तेव्हा भांडावयास कोण जाणार? आम्हीच तर ती उभी केली होती.

पुण्याची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. तेथे १९८२ पासून ‘परिसर’ ही नागरिकांची संस्था काम करते. सायकलींचे गाव म्हणून नाव असलेले पुणे मोटारींखाली दबत असता या मंडळींनी बस, पदपथ आणि सायकल यांचा आग्रह सोडला नाही. त्यांचे सगळेच साधले असे नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी वेगळी वाट झाली, तिच्या अंमलबजावणीवर पुष्कळ टीका झाली. पण २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले, त्यामागे नागरिकांच्या अशा अनेक वर्षांच्या चिकाटीचा वाटा होता.

अशी चिकाटी आम्हांला परकी नाही. ब्रॉडगेजने तेच सिद्ध केले. दिल्लीला जाऊन रेल्वेमंत्र्यांच्या दारात बसणारी माणसे नांदेड-लातुरास मिळाली. महापालिका तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ही व्याख्याने सुरू होतात तेव्हा तिचा अर्थसंकल्प नुकताच मांडलेला असतो, आणि त्यात रस्त्यांची पाने असतात. ती वाचावयास एक संध्याकाळ पुरेल.