रिपोर्ट सांगतो 'सेन्सिटिव्ह', मग जिवाणू मरत का नाहीत?

लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, बरेच दिवस लावलेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना एक कोडं नेहमी पडायचं. लॅबच्या रिपोर्टनुसार अँटिबायोटिक बरोबर असतं, ताप उतरतोही. पण औषध थांबलं की संसर्ग परत येतो. मग चूक कुठे होते?

कॅनडाचे विल्यम कॉस्टर्टन 1978 पासूनच सांगत होते की निसर्गात बहुतेक जिवाणू सुटे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून चिकट थरात राहतात. हाच थर म्हणजे बायोफिल्म. 1985 मध्ये कर्टिस निकेल, कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी हे कॅथेटरवर तपासलं. कॅथेटरच्या चकत्यांवरून त्यांनी 'स्युडोमोनास एरुजिनोसा' मिसळलेली कृत्रिम लघवी वाहू दिली. 8 तासांत जाड थर तयार झाला. मग त्यावर टोब्रामायसिन सोडलं.

आता आकडे बघा. तरंगणारे जिवाणू मिलीलीटरला 50 मायक्रोग्रॅममध्ये पूर्ण मेले. थरातले बरेचसे मात्र 1000 मायक्रोग्रॅममध्ये 12 तास ठेवूनही जिवंत होते!

तुम्ही म्हणाल, म्युटेशन झालं असेल. त्यांनाही तीच शंका होती. म्हणून वाचलेले जिवाणू थरातून काढून त्यांची एमआयसी पुन्हा मोजली. ती निघाली 0.4 मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रयोगाआधी होती तेवढीच. जिवाणू बदलले नव्हते, त्यांचं राहणं बदललं होतं. थरातला चिकट पदार्थ औषधाला अडवतो आणि खोलवर, अन्न-ऑक्सिजन कमी असल्याने, पेशी जवळपास सुस्त पडून असतात. वाढणाऱ्या पेशींवर चालणारं औषध तिथे कमी पडतं.

म्हणूनच नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि संसर्ग झाला असेल, तर नुसतं औषध न देता नळी काढावी किंवा बदलावी, असं अमेरिकेतल्या 2009 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बायोफिल्मवरच औषध तपासता यावं म्हणून कॅल्गरीमध्ये 1999 साली खास खुंट्यांची प्लेटही आली.

मला या पेपरमधला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो शेवटची एमआयसी. ती मोजली नसती, तर 'रेझिस्टंट स्ट्रेन सापडला' असं लिहून सगळे मोकळे झाले असते. प्रपोजल लिहिताना स्वतःला एवढं विचारा: माझ्या टेस्टमधला जिवाणू रुग्णाच्या शरीरात राहतो तसा राहतोय का?