महिला मोटार मेकॅनिक : प्रश्न ताकदीचा नव्हे, पान्याचा

मोटार चालविणाऱ्या स्त्रीचे आता कुणाला नवल वाटत नाही. मात्र तीच मोटार बंद पडल्यावर बॉनेट उघडून ती दुरुस्त करणारी स्त्री शहरांतील गॅरेजांमध्येही क्वचितच दिसते. हे काम ग्रीस-ऑइलचे आणि अंगमेहनतीचे, त्यामुळे ते बायकांना झेपणारे नाही, असे कारण बहुधा पुढे केले जाते. मोटारीचा इतिहास आणि या कामाचे स्वरूप पाहिले असता हे कारण टिकत नाही.

इतिहासातील दाखले

मोटारीची पहिली लांब पल्ल्याची सफर ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी केली. पती कार्ल बेंझ यांनी बनविलेली तीनचाकी गाडी घेऊन त्या दोन मुलांसह जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. सुमारे १०० किलोमीटरच्या या प्रवासात इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उघड्या पडलेल्या विजेच्या तारेला मोज्याचा बंद गुंडाळला आणि झिजलेल्या ब्रेकवर वाटेतील जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून चामडे ठोकून घेतले. रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे दुसरे काय असते?

पुढे मोटारदुरुस्ती हा व्यवसाय झाला आणि त्याचे दरवाजे स्त्रियांसाठी बंद झाले. डोरोथी पुलिंजर यांनी १९१४ मध्ये ब्रिटनमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा नियमातील ‘व्यक्ती’ या शब्दाचा अर्थ पुरुष असा होतो, असे सांगून तो नाकारण्यात आला. पहिल्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. स्कॉटलंडमधील टंगलँड येथील कारखान्यात मुलींना यंत्रकामाची उमेदवारी देण्यात आली. मुलग्यांसाठी ती पाच वर्षांची असे, येथे तीन वर्षांची ठेवण्यात आली. युद्धानंतर याच कारखान्यात पुलिंजर यांच्या देखरेखीखाली ‘गॅलोवे’ ही मोटार तयार होऊ लागली. पुढे त्या त्याच संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या क्यू येथे अ‍ॅलिस अँडरसन यांनी केवळ स्त्रियांनी चालविलेले गॅरेज सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात १९४५ मध्ये १८ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथ यांनीही ब्रिटिश सैन्याच्या महिला शाखेत दाखल होऊन गाडी चालविण्याचे आणि तिच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतले. गरज भासली, तेव्हा शिकवणारेही मिळाले आणि शिकणाऱ्याही मिळाल्या, एवढे या दाखल्यांवरून स्पष्ट होते.

ताकदीचा हिशेब

नट सैल होतो तो लावलेला जोर आणि पान्याच्या दांड्याची लांबी यांच्या गुणाकाराने. एखाद्या नटला १०० न्यूटन-मीटर पीळ लागत असेल, तर २५ सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे ४० किलोचा भार द्यावा लागतो. पाना ५० सेंटिमीटरचा असेल, तर २० किलो पुरतात. अडलेल्या नटसाठी पुरुष मिस्त्रीही पान्याला लोखंडी नळी जोडतात, ती याचसाठी. गाडी उचलण्यास जॅक आणि लिफ्ट असते, इंजिन उतरविण्यास साखळी-कप्पी असते. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणे, क्लचची सफाई तपासणे, वायरिंगमधील बिघाड शोधणे यांस लागतो तो सराव.

शिक्षण आणि हात बसणे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून दहावी उत्तीर्ण मुलामुलींना त्यास प्रवेश मिळतो. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात वा कार्यशाळेत उमेदवारी करता येते.

खरी अडचण त्यापुढे येते. गॅरेजमधील विद्या हाताकडून हाताकडे जाते. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा आधी सुटे भाग धुतो, मिस्त्रीने मागितलेला पाना पुढे करतो, मग चाक खोलतो आणि काही वर्षांनी इंजिनाला हात लावतो. या शाळेला प्रवेश-अर्ज नसतो. ओळखीतला कोणीतरी त्याला तेथे आणून सोडतो. मुलीला अशा प्रकारे कोणी आणून सोडत नाही. प्रमाणपत्र घेऊन ती आलीच, तर तिला काउंटर, फोन आणि जॉबकार्ड सोपविण्याकडे कल असतो. हात न बसल्याने ती मागे पडते आणि ते मागे पडणेच पुढे पुरावा म्हणून सांगितले जाते.

नियम आणि सोयी

नियमांचाही यात वाटा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना सर्वसाधारणपणे सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामास मनाई केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मात्र संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीची मुभा देण्यात आली. नोकरीच्या जाहिरातींतील भेदही जुना आहे. सुधा कुलकर्णी (नंतरच्या सुधा मूर्ती) यांनी १९७४ मध्ये ‘टेल्को’च्या ‘महिलांनी अर्ज करू नये’ या अटीविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुण्याच्या कारखान्यात अभियंता म्हणून त्यांची निवड झाली. छोट्या गॅरेजमध्ये अडचण याहून साधी असते. तेथे स्वच्छतागृह नसते आणि कपडे बदलण्यास आडोसाही नसतो.

आता इंजिनातील दोष स्कॅनरवर वाचता येतात आणि विजेवरील गाड्यांमध्ये तर पिस्टन वा क्लचही नसतो. त्यामुळे जुन्या मिस्त्रींनाही पुन्हा शिकावे लागत आहे. सर्वांनाच नव्याने आरंभ करावा लागण्याची ही वेळ मुलींसाठी अनुकूल आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्राबरोबर पानाही त्यांच्या हाती द्यावा लागेल.