ब्लूटूथ उपकरणशोध

ब्लूटूथ उपकरणशोध ही ब्लूटूथ या लघुपल्ल्याच्या बिनतारी तंत्रज्ञानातील एक प्रक्रिया आहे. तिच्याद्वारे एखादे उपकरण आपल्या परिसरातील अनोळखी ब्लूटूथ उपकरणांचा पत्ता, प्रकार व नाव मिळवते. हस्तसंगणक, स्मार्टफोन, टॅबलेट यांसारख्या हाती धरून वापरावयाच्या संगणकांना हेडफोन, कळफलक, मुद्रक किंवा दुसरा संगणक प्रथमच जोडताना ही पहिली पायरी असते. शोध यशस्वी होण्यासाठी एका उपकरणाने संदेश पाठवणे आणि दुसऱ्याने नेमक्या त्याच वेळी, त्याच वारंवारतेवर तो ऐकणे आवश्यक असते. त्यामुळे ‘उपकरण सापडत नाही’ ही अडचण अनेकदा यंत्रातील बिघाडामुळे उद्भवत नाही; दोहोंपैकी एक उपकरण त्या वेळी रचनेनुसारच अदृश्य राहिलेले असते.

पार्श्वभूमी

एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा या कंपन्यांनी १९९८ मध्ये ब्लूटूथ विशेष हितगट स्थापन केला आणि १९९९ मध्ये या तंत्रज्ञानाचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या हस्तसंगणकांमध्ये ब्लूटूथची सोय वेगळे कार्ड बसवून करावी लागे. कॉम्पॅक कंपनीचा आयपॅक एच ३८७० (२००१) आणि पाम कंपनीचा टंगस्टन टी (२००२) हे अंगभूत ब्लूटूथ असलेले आरंभीचे हस्तसंगणक होत. भ्रमणध्वनीमार्फत इंटरनेट वापरणे, जवळच्या हस्तसंगणकावर पत्ते व नोंदी पाठवणे आणि जीपीएस ग्राहक जोडणे हे त्यांचे प्रमुख उपयोग होते. पुढे हस्तसंगणकांची जागा स्मार्टफोनने घेतली, तरी उपकरणशोधाची मूळ पद्धत कायम राहिली.

शोध, पेअरिंग आणि जोडणी

या तीन पायऱ्या परस्परांहून भिन्न आहेत. शोधात केवळ दुसऱ्या उपकरणाचे अस्तित्व कळते. पेअरिंगमध्ये दोन्ही उपकरणे सांकेतिक अंक किंवा संमतीच्या आधारे गुप्त कळ निश्चित करून ती साठवून ठेवतात. जोडणी म्हणजे माहितीची प्रत्यक्ष देवाणघेवाण करण्यासाठी उघडलेला दुवा होय. एकदा पेअर झालेल्या उपकरणांना एकमेकांचा पत्ता ठाऊक असल्याने पुन्हा शोध घ्यावा लागत नाही. म्हणूनच जुना हेडफोन विनासायास जोडला जातो आणि नवा मात्र यादीतही येत नाही, अशी स्थिती संभवते. अशा वेळी ब्लूटूथचा रेडिओ सुस्थितीत असून अडचण केवळ शोधाच्या पायरीवर आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

कार्यपद्धती

पारंपरिक ब्लूटूथ

पारंपरिक ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील प्रत्येकी १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ वाहिन्या वापरते. शोध घेणारे उपकरण त्यांपैकी ३२ वाहिन्यांवर ‘पृच्छा’ संदेश पाठवते. या ३२ वाहिन्यांचे १६-१६ चे दोन गट असतात. एका गटाची फेरी १० मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि ती २५६ वेळा, म्हणजे २.५६ सेकंद चालते. त्यानंतर दुसरा गट घेतला जातो. दोन्ही गट दोनदा वापरून होणाऱ्या संपूर्ण पृच्छेस १०.२४ सेकंद लागतात.

दृश्यमान उपकरण सतत ऐकत नसते. वीज वाचवण्यासाठी ते ठरावीक कालांतराने थोडा वेळच कान उघडते, दर २.५६ सेकंदांतून ११.२५ मिलिसेकंद हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. पृच्छेला एकदा उत्तर दिल्यावर ते पुन्हा उत्तर देण्यापूर्वी ० ते १०२३ कालखंडांपैकी यादृच्छिक संख्येइतके थांबते. एक कालखंड ६२५ मायक्रोसेकंदांचा असल्याने ही प्रतीक्षा सुमारे ०.६४ सेकंदापर्यंत जाते. अनेक उपकरणांची उत्तरे एकमेकांवर आदळू नयेत, हा तिचा हेतू असतो.

उत्तरात उपकरणाचा ४८ बिटांचा पत्ता, प्रकार आणि घड्याळाची स्थिती असते. मूळ पद्धतीत नाव त्यात नसे. ते मिळवण्यासाठी तात्पुरता दुवा स्वतंत्रपणे उघडावा लागे. यामुळे जुन्या हस्तसंगणकांवर काही वेळा नावाऐवजी केवळ षोडशमान अंकांतील पत्ता दिसतो. २.१ या आवृत्तीत (२००७) विस्तारित उत्तराची सोय झाली व नाव उत्तरासोबतच पाठवता येऊ लागले.

ब्लूटूथ लो एनर्जी

४.० आवृत्तीत (२०१०) आलेल्या लो एनर्जी प्रकारात भूमिका उलट असतात. ज्याला सापडायचे आहे ते उपकरण स्वतः लहान ‘घोषणा’ प्रसारित करते आणि शोधणारे उपकरण त्या ऐकते. या प्रकारातील ४० वाहिन्यांपैकी ३७, ३८ व ३९ या क्रमांकांच्या तीन वाहिन्या प्राथमिक घोषणांसाठी आहेत. त्यांच्या वारंवारता अनुक्रमे २४०२, २४२६ व २४८० मेगाहर्ट्झ असून वाय-फायच्या १, ६ व ११ या प्रचलित वाहिन्यांशी होणारा संघर्ष टळावा अशा बेताने त्या निवडल्या आहेत. दोन घोषणांमधील अंतर २० मिलिसेकंदांइतके कमी असू शकते, तसेच काही सेकंदांचेही असू शकते. वीज वाचवण्यासाठी विरळ घोषणा करणारे उपकरण सापडण्यास त्यामुळे अधिक वेळ लागतो.

उपकरण न सापडण्याची कारणे

दृश्यमानतेचा अभाव: ब्लूटूथ चालू असणे आणि उपकरण दृश्यमान असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हेडफोन केवळ चालू करून भागत नाही. दिवा विशिष्ट प्रकारे लुकलुकेपर्यंत बटण दाबून त्याला पेअरिंग स्थितीत आणावे लागते. ही स्थिती काही मिनिटांत आपोआप संपते.

दुसऱ्या उपकरणाशी असलेली जोडणी: हेडफोन किंवा कळफलक चालू होताच पूर्वी पेअर केलेल्या फोनशी स्वतःहून जोडला जातो आणि त्यानंतर नव्या पृच्छेला उत्तर देत नाही. तो जुना फोन शेजारच्या खोलीत असला तरी हे घडते.

शोध अर्धवट थांबवणे: संपूर्ण पृच्छेस दहा सेकंदांहून अधिक काळ लागत असल्याने तीन-चार सेकंदांत थांबवलेल्या शोधात काही उपकरणे राहून जातात. त्याच वेळी हस्तसंगणकावर ब्लूटूथद्वारे आवाज प्रसारित होत असेल, तर रेडिओचा वेळ विभागला जाऊन शोध आणखी मंदावतो.

प्रकारातील विसंगती: केवळ पारंपरिक ब्लूटूथ असलेल्या जुन्या हस्तसंगणकाला केवळ लो एनर्जी वापरणारे मनगटी पट्टे वा संवेदक कधीच दिसत नाहीत. ही मर्यादा यंत्रसामग्रीची असल्याने मांडणीतील बदलांनी दूर होत नाही.

यादीची गाळणी: काही कार्यप्रणाली आपल्याला न वापरता येणारी उपकरणे यादीतून वगळतात. अशा वेळी उत्तर मिळूनही वापरकर्त्याला काहीच दिसत नाही.

लहरींतील व्यत्यय: वाय-फाय व मायक्रोवेव्ह भट्टी २.४ गिगाहर्ट्झ पट्टाच वापरतात, यूएसबी ३.० च्या तारा व साधनेही त्यात गोंगाट निर्माण करतात. मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषते. हस्तसंगणकांत सामान्यतः आढळणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या प्रक्षेपकाची कमाल शक्ती २.५ मिलिवॅट आणि पल्ला सुमारे १० मीटर मानला जातो; भिंती व धातूच्या कपाटांमुळे तो बराच घटतो.

कार्यप्रणालीनुसार फरक

पाम ओएस व विंडोज मोबाइल या प्रणालींमध्ये ब्लूटूथ चालू करणे आणि ‘इतरांना दिसू देणे’ यांसाठी स्वतंत्र पर्याय होते. विंडोज मोबाइलवर चालणाऱ्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टची किंवा विडकॉमची अशा दोन भिन्न ब्लूटूथ आज्ञावल्या आढळत. त्यामुळे एकाच प्रणालीच्या दोन यंत्रांवर हे पर्याय निरनिराळ्या ठिकाणी असत.

अँड्रॉइडमध्ये एखाद्या अ‍ॅपने विनंती केल्यास दृश्यमानता सामान्यतः १२० सेकंद टिकते. ६.० आवृत्तीपासून (२०१५) अ‍ॅपला जवळची उपकरणे शोधण्यासाठी स्थानविषयक परवानगी आवश्यक झाली. ती नाकारल्यास त्रुटीचा संदेश न येता यादी केवळ रिकामी राहू शकते. १२ व्या आवृत्तीपासून (२०२१) ‘जवळपासची डिव्हाइस’ ही स्वतंत्र परवानगी देण्यात आली. आयफोन मात्र ब्लूटूथ सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच इतरांना दृश्यमान राहतो.

तपासणीचा क्रम

दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवणे हा तपासणीचा गाभा होय. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. विमान स्थिती व वीजबचत स्थिती बंद असून दोन्ही उपकरणांचे ब्लूटूथ चालू असल्याची खात्री करणे.
२. दोन्ही उपकरणे एक-दोन मीटर अंतरावर, मध्ये अडथळा न ठेवता आणणे.
३. शोधावयाचे उपकरण पूर्वी पेअर केलेल्या इतर सर्व यंत्रांचे ब्लूटूथ बंद करणे.
४. ते उपकरण पेअरिंग स्थितीत आणून लगेच शोध सुरू करणे व तो पूर्ण होऊ देणे.
५. तेच उपकरण तिसऱ्या यंत्रावरून शोधून पाहणे. तेथे ते दिसल्यास दोष बहुधा पहिल्या यंत्राच्या मांडणीत किंवा परवानग्यांत असतो. तेथेही न दिसल्यास ते उपकरणच अदृश्य असण्याचा संभव अधिक असतो.
६. हस्तसंगणकाला अन्य कोणतेही उपकरण दिसते का हे पाहणे. काहीच दिसत नसल्यास ब्लूटूथ बंद-चालू करणे, यंत्र पुन्हा सुरू करणे आणि अखेरीस जाळ्याची मांडणी मूळ स्थितीत आणणे हे उपाय उरतात. शेवटच्या उपायाने साठवलेल्या पेअरिंग व वाय-फायचे परवलीचे शब्द पुसले जाऊ शकतात.

सुरक्षितता व खासगीपणा

दृश्यमानता मर्यादित ठेवण्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. २००४ मध्ये आढळलेला कॅबिर हा सिंबियन प्रणालीवरील फोनचा कृमी परिसरातील दृश्यमान उपकरणे शोधून स्वतःची प्रत त्यांच्याकडे पाठवत असे. समोरच्याने ती स्वीकारल्यासच त्याचा प्रसार होई. त्यामुळे शोधातील अडचण टाळण्यासाठी उपकरण कायम दृश्यमान ठेवणे योग्य मानले जात नाही. तथापि अदृश्यता म्हणजे संपूर्ण संरक्षणही नव्हे. २०१७ मध्ये उघड झालेल्या ब्लूबॉर्न या त्रुटीसमूहाद्वारे, दृश्यमान नसलेल्या परंतु ब्लूटूथ चालू असलेल्या उपकरणांवरही हल्ला शक्य होता. यासाठी कार्यप्रणाली अद्ययावत ठेवणे महत्त्वाचे ठरते.

लो एनर्जी प्रकारात उपकरणाचा माग काढला जाऊ नये म्हणून ठरावीक काळाने बदलणारे खासगी पत्ते वापरता येतात. परिणामी एकच उपकरण यादीत वेगवेगळ्या पत्त्यांनी दिसू शकते. भारत सरकारने एप्रिल २०२० मध्ये आणलेल्या आरोग्य सेतू या अ‍ॅपमध्ये जवळ आलेल्या व्यक्तींच्या फोनची नोंद ठेवण्यासाठी ब्लूटूथ शोधाचाच उपयोग करण्यात आला होता. खासगीपणाचा प्रश्न त्या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आला.

हे सुद्धा पहा

ब्लूटूथ
वाय-फाय
हस्तसंगणक
पाम ओएस
विंडोज मोबाइल