ताऱ्याच्या उधाणाचा दिवस

उणे २४ तास
सूर्याएवढा एक तारा, आणि समोर दहा लाख सूर्यांचं वस्तुमान पोटात घेतलेलं कृष्णविवर. अंतर शनी सूर्यापासून आहे त्याहून थोडं जास्त, वेग सेकंदाला सुमारे १३,००० किलोमीटर. ताऱ्याला अजून काहीच झालेलं नाही. (जोडी कल्पनेतली, आकडे न्यूटनच्या नियमांनी काढलेले. पण असं खरोखर घडलेलं आहे. ते आपल्याला दिसलं ती तारीख शेवटी.)

उणे ६ तास
तारा गुरूच्या कक्षेइतक्या अंतराच्या आत आला. वेग २१,०००. आता भरतीचं बल लागू होतं, आणि ते कोकणातल्या जयगडकरांना नव्यानं सांगायला नको. तवसाळच्या फेरीबोटीच्या जेटीवर अमावास्या-पुनवेला पाणी चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमारास जेमतेम हलतं तो भांग. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळेच समुद्र दोन्हीकडे फुगतो. अंतर निम्मं झालं की हा फरक आठपट होतो. आपल्या ताऱ्यासाठी अंतर भराभर निम्मं होत चाललंय.

उणे १ तास
पृथ्वी-सूर्याएवढं अंतर. वेग ४१,०००.

सगळा खेळ विवराच्या आकारावर आहे. ते शंभर कोटी सूर्यांचं असतं तर तारा फाटायची जागा घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, आतच आली असती. तारा अख्खा गडप, बाहेर ठिणगीही नाही. राक्षसाचा काठ असा सौम्य असतो! उलट गरुड तारकासमूहातलं 'जीआरएस १९१५+१०५' जेमतेम दहा-बारा सूर्यांचं. ते शेजारच्या ताऱ्याचा वायू थोडाथोडा ओढून घेतं. त्याच्याभोवती फिरणाऱ्या या वायूच्या तबकडीचा आतला भाग रिकामा होतो, पुन्हा भरतो. आयआरएस-पी३ उपग्रहावरच्या उपकरणानं १९९७ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरच्या मंडळींनी त्याच्या क्ष-किरणांच्या उसळ्या टिपल्या. लहान विवरात जे सेकंदांत उरकतं, त्याला अतिप्रचंड विवरात महिने, वर्षं लागतात.

शून्य
सात कोटी किलोमीटर. वेग ६२,०००, म्हणजे प्रकाशाच्या पाचव्या हिश्शाएवढा. ताऱ्याचं स्वतःचं गुरुत्व हरतं आणि तासाभरात त्याची वायूची लांबलचक पट्टी होते. निम्मा वायू कायमचा दूर फेकला जातो, निम्मा विवराला बांधला जातो. दुरून पाहणाऱ्याला अजून विशेष काही दिसत नाही. खरा उत्पात पुढेच आहे.

अधिक ४० दिवस
बांधलेल्या वायूची पहिली खेप परतते, आपल्याच शेपटीवर आदळते, फिरू लागते. तबकडी घर्षणानं तापून क्ष-किरण ओकते. वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही आत ओढलं जातं. विवर जोरात फिरत असेल तर त्या बलरेषा पिळल्या जातात आणि अक्षाच्या दोन्ही दिशांना पदार्थाचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटतात. फाटलेल्या ताऱ्यांपैकी शंभरात जेमतेम एकाच्या वाट्याला असा झोत येतो.

११ फेब्रुवारी २०२२
कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणाला एक नवा ठिपका दिसला: एटी२०२२सीएमसी, असाच फाटलेला एक तारा. प्रकाश ८५० कोटी वर्षं वाटेत होता. तो निघाला तेव्हा पृथ्वी झालीच नव्हती. एवढ्या दुरून दिसला, कारण झोत थेट आपल्याकडे रोखलेला होता. लडाखमधल्या हानलेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, आयआयटी मुंबईच्या सहभागातली, त्याच्या मागे लागली. लालसर चमक काही दिवसांत ओसरली, मागे निळा उजेड रेंगाळला. झोत मात्र भोवतालच्या वायूत घुसत रेडिओलहरी सोडत राहिला, आणि नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेना त्या दिशेला वळल्या.